पानमळ्याची हवा

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चोपडी येते, लाह्या-बत्तासे येतात, आणि त्यांच्या शेजारी दोन हिरवी पाने व सुपारी. विडा मांडल्यावाचून आपल्याकडे पूजा सुरू होत नाही, की लग्नाची बोलणी पुरी होत नाहीत. इतक्या परिचयाचे हे पान मराठवाड्यात मुळात टिकले कसे, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही. नागवेल ही मलायाकडच्या ओल्या अरण्यातली. मोठ्या झाडांच्या बुडाशी, दमट सावलीत वाढण्याची तिला सवय. आणि नांदेड-लातूरचा वैशाख कसा असतो ते काय सांगावे! पारा ४२ अंशांच्या वर जातो, जमीन भेगाळते, दुपारी गल्लीत कुत्रेही दिसत नाही. उलट पौषातल्या एखाद्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तेही ह्या वेलीला सोसत नाही.

अशा मुलखात ती जगली, ती मळेकऱ्याने तिच्याभोवती वेगळी हवा तयार केली म्हणून. राजाश्रय होता, हे खरे. लातूरच्या शिवेपलीकडे थोड्याच अंतरावर कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील सोमेश्वर तिसरा ह्याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला आणि राजाने भोगावयाच्या सुखांत तांबूलभोगाला स्वतंत्र जागा दिली. पण राजाच्या तबकात आलेले पान त्याआधी कोणाच्या तरी मळ्यात उन्हाळा काढून आलेले असणार. मला कुतूहल आहे ते त्या मळ्याचे.

पानमळ्यात वेलीच्या आधी सावली लावतात. शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा ओळीने वाढवायचे आणि मग त्यांच्या बुडाशी वेलीचे बेणे लावायचे. झाड हा वेलीचा आधार, तशीच तिची छत्री. भोवती तुराट्यांचा कूड किंवा केळीची दाट रांग. पश्चिमेची बाजू तर विशेष जपून बंद करायची. नवख्याला वाटते, वैरी काय तो सूर्य. मळेकरी वाऱ्याला अधिक भितो. तापलेला कोरडा वारा एका दुपारी पानातला ओलावा ओढून नेतो आणि कडा करपून जातात.

पाणी द्यायचे ते थोडे थोडे, पण वारंवार. ह्यातले शास्त्र आपल्या घरातल्या माठाचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. ओली सरी आणि हजारो पाने मिळून मळ्याचा असा एक मोठा माठच होतो, आणि कूड तो गारवा बाहेर जाऊ देत नाही. नुसती हिरवी जाळी टांगली की पानमळा झाला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वेल फार उंच गेली की तिला उतरवतात. खालचा भाग वेटोळे करून मातीत पुरतात, शेंडा पुन्हा झाडाला लव्हाळ्याने बांधतात, आणि पुरलेल्या कांड्यांना नवी मुळे फुटतात.

परंतु उन्हाळ्यात वेलीला वाचवणारे हेच बंद घर पावसाळ्यात तिच्या जिवावर उठते. कोंडलेल्या ओल्या हवेत मर रोग फैलावतो आणि उभा वाफा कुजतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना शेजारच्या मध्य प्रांतात वनस्पतिरोगांचे अभ्यासक जहांगीर फरदुनजी दस्तूर ह्यांनी पानवेलीच्या रोगांवर १९३५ साली निबंध प्रसिद्ध केला. फायटोप्थोरा नावाचा सूक्ष्म जीव ह्या कुजण्याच्या मुळाशी असतो. म्हणून पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याच्या फांद्या छाटायच्या, पाण्याला वाट काढून द्यायची, मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण द्यायचे. वैशाखात जी सावली जपली, तीच आषाढात स्वतःच्या हाताने तोडायची!

गारवा हा सर्वच रोपांवर इलाज असतो, असा समज मात्र होऊ नये. हल्ली शहरांतल्या गॅलऱ्यांत रोजमेरीची कुंडी दिसते. ही भूमध्य समुद्राकाठची. कोरडा उन्हाळा आणि थंड, ओला हिवाळा तिच्या अंगवळणी पडलेला. सुईसारखे, कडा दुमडलेले पान उष्णता बरीच सोसते. तिला मारतो तो आपला श्रावण आणि घरच्यांची माया. तुळशीसारखे रोज पाणी घातले की मुळे कुजतात. मातीची कुंडी, जाड वाळू, सकाळचे ऊन, पावसात वळचणीचा आडोसा आणि रात्रभर धग सोडणाऱ्या भिंतीपासून थोडे अंतर, एवढे तिला पुरते.

नागवेलीला एवढ्यावर भागत नाही. तिला पाणी लागते. अर्धापूर-बारडच्या बाजूला पानमळे टिकले ते पाण्याच्या बळावर. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना विहिरीचा तळ दिसणे म्हणजे काय ते माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. जेथे माणसांच्या घागरी रेल्वेवर अवलंबून, तेथे वेलीला पाणी कोण देणार? आणि पुढे पाऊस चांगला झाला तरी वाळलेला मळा लगेच उभा राहत नाही. आधी शेवरी-पांगाऱ्याची सावली वाढवावी लागते, मग बेणे. आणि ते बियांच्या दुकानात मिळत नाही, कोणाच्या तरी जिवंत मळ्यातूनच मागून आणावे लागते.