यात कुणाचं नाव आहे का?

परवा संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राचे उरलेसुरले कोपरे वाचत बसलो होतो. निवृत्त माणूस सकाळी बातम्या वाचतो, दुपारी जाहिराती आणि संध्याकाळी मुद्रकाचं नाव. मी मुद्रकापाशी येऊन ठेपलो होतो, तेवढ्यात नात एक कागद घेऊन आली.

“आजोबा, ऱ्हेटॉरिकल डिव्हाइसेस म्हणजे काय हो?”

हल्ली घरात डिव्हाइस हा शब्द उच्चारला की मी हात वर करतो. कारण बहुधा काहीतरी बंद पडलेलं असतं आणि ते शेवटचं मी हाताळलेलं असतं. पण हा शाळेचा प्रकल्प होता. एक राजकीय लेख घ्यायचा, एक व्यंगचित्र घ्यायचं, आणि लिहिणाऱ्याने वाचकाला पटवण्यासाठी कोणकोणत्या युक्त्या वापरल्या ते दोन रकान्यांत लिहायचं. पहिल्या रकान्यात युक्ती, दुसऱ्यात ‘टीका कोणावर’.

“अगं, हे तर आपले अलंकार!” मी खुर्चीतून अर्धा उठलो. चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. अलंकार शिकवताना मला उदाहरणांची ददात कधी पडली नाही, कारण ती घरात होती. नऊ वाजता उठलो की आमची सौ. म्हणते, “आज फार लवकर उठलात!” ही व्याजस्तुती. माझ्यासमोर मांजराला म्हणते, “खाऊन झालं की ताटली उचलायची असते, कळलं?” ही अन्योक्ती, म्हणजे साध्या मराठीत, लेकी बोले सुने लागे. मांजर निर्विकार असतं. ताटली मी उचलतो.

यातली मेख अशी, की मला ताटली उचलायला कुणीही सांगितलेलं नसतं. वाक्य अर्धंच उच्चारलेलं असतं, उरलेलं अर्धं मी मनात पूर्ण करतो. आपल्या मराठी वर्तमानपत्रांचा निम्मा इतिहास या उरलेल्या अर्ध्या वाक्याचा आहे, असं माझं मत आहे. नातीला तेच सांगायला बसलो. तिला दोन ओळी हव्या होत्या, पण मास्तराला प्रश्न विचारल्यावर सुटका नसते.

1897 सालचं पुणं घ्या. गावात प्लेग, घरोघर तपासण्या, त्यासाठी आणलेले गोरे शिपाई. 22 जूनला राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ आणि त्याच रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. मग सरकारने सगळ्या शहरालाच धारेवर धरलं. यावर जुलैमध्ये टिळकांनी केसरीत अग्रलेख लिहिला, त्याचं शीर्षक शाळेत न गेलेल्या मराठी माणसालाही ठाऊक असतं : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

आता या वाक्यात आरोप कुठे आहे? नुसती चौकशी आहे. शेजाऱ्याला ‘दूध आलं काय?’ विचारावं तशी. पण उत्तर सगळ्या वाचकांनी एकाच वेळी दिलं, आणि तेही मनातल्या मनात. मनातल्या उत्तरावर समन्स कसं बजावणार? पाठोपाठ दुसरा लेख आला : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. ही तर शब्दकोशातली नोंद वाटते. सरकार सूड उगवतं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. राज्य करणे या शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला आहे. व्याकरणाच्या मास्तराने याहून निरुपद्रवी काय लिहावं?

आणि गंमत अशी, की टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो या प्रश्नचिन्हाबद्दल नव्हेच. खटला झाला तो त्याआधीच्या, 15 जूनच्या अंकातल्या मजकुराबद्दल. त्यात शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त होता आणि ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची कविता होती. महाराज जागे होतात, देशाची अवस्था पाहतात आणि खंत करतात, एवढाच विषय. बोलणारा दोनशे वर्षांपूर्वीचा आणि ज्याच्याबद्दल वाद तो अफझलखानही तितकाच जुना. पण सरकारला बरोबर कळलं की मांजराला बोलून ताटली कुणाला उचलायला सांगितली आहे.

मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे तो खटला चालला. कलम 124 अ. त्यातला इंग्रजी शब्द होता डिसअफेक्शन, मराठीत अप्रीती. स्ट्रॅचीसाहेबांनी ज्युरीला समजावलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. हे ऐकून मला नेहमी घाम फुटतो. नुसता प्रीतीचा अभाव हा गुन्हा धरला तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा जन्मठेपेवर जाईल. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष म्हटलं, आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने कलमाची शब्दरचना दुरुस्त करून ते अधिक ऐसपैस केलं.

“पण आजोबा, कवितेतलं त्यांना कळलं कसं?” नातीने विचारलं.

हाच तर प्रश्न. 1908 साली तो पुन्हा उभा राहिला. मुझफ्फरपूरला बाँब पडला होता. त्यावर केसरीत ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे लेख आले. शीर्षकं पाहा, जणू कुणाच्या समाचाराला गेलेला वडीलधारा माणूस बोलतो आहे. पुन्हा तेच हायकोर्ट. या वेळी न्यायासनावर दावर होते. हेच दावर 1897 साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. अन्योक्ती कधीकधी आयुष्यच लिहितं, लेखकाला तसदी देत नाही. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली आणि एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. त्यातला एक मोठा मुद्दा भाषेचा होता. लेख मराठीत, ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही, आणि निवाडा व्हायचा तो सरकारी इंग्रजी भाषांतरावरून. मराठीत शब्दाला जी धार किंवा जो गुळगुळीतपणा असतो तो भाषांतरात जातो कुठे? सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. सहा वर्षं हद्दपारी; टिळक मंडालेला गेले.

मराठी मास्तरांचा पगार वाढावा यासाठी हा खटला पुरावा म्हणून द्यायला हरकत नाही. एका अलंकाराच्या अर्थावर माणसाची सहा वर्षं अवलंबून होती.

त्याच वर्षी शिवराम महादेव परांजपेही तुरुंगात गेले. त्यांचं ‘काळ’ साप्ताहिक 1898 पासून निघत होतं आणि उपरोध हा त्यांचा हातखंडा. सरकारची स्तुती ते अशी करत, की वाचून सरकारला पुरस्कार स्वीकारावा की वॉरंट काढावं ते कळू नये. शेवटी सरकारने वॉरंट काढलं. एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांच्या निवडक निबंधांच्या पुस्तकांवर बंदीही आली. आमच्या सौ.च्या व्याजस्तुतीला अजून शिक्षा झालेली नाही, ती भोगतो मी.

या सगळ्या वाकड्या वाटांना कंटाळून सरळ चालणारा एकच निघाला. 1922 साली अहमदाबादला गांधीजींवर तेच कलम लावलं, तेव्हा त्यांनी गुन्हा कबूलच केला आणि वर न्यायाधीश ब्रूमफील्डना सांगितलं की प्रीती काही कायद्याने निर्माण करता येत नाही. स्ट्रॅचीसाहेबांच्या व्याख्येला पंचवीस वर्षांनी मिळालेलं उत्तर! ब्रूमफील्डनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन तितकीच, म्हणजे सहा वर्षांची शिक्षा दिली. 1870 साली दंडसंहितेत शिरलेलं हे कलम स्वातंत्र्यानंतरही मुक्कामाला राहिलं आणि 2024 साली जुनी दंडसंहिताच बदलली तेव्हा तिच्याबरोबर गेलं.

“आणि व्यंगचित्र?” नातीने घड्याळाकडे पाहिलं. तिची मालिका लागायची वेळ झाली होती. ही तिची अन्योक्ती.

व्यंगचित्र म्हटलं की मी 1975 वर येतो, आणि येऊ नये असंही वाटतं. 25 जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. एक अक्षरही न लिहिता लिहिलेला अग्रलेख. सेन्सॉरने लवकरच फर्मावलं की कोऱ्या जागा सोडायच्या नाहीत आणि गांधी-टागोरांची वचनंही छापायची नाहीत. म्हणजे न बोलणं गुन्हा आणि थोरांचं बोलणंही गुन्हा. मुंबईच्या टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींत एक मृत्यूची बातमी छापून आली. मृताचं नाव डी. ई. एम. ओक्रसी, पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी. जाहिरात घेणाऱ्याने शब्द मोजून पैसे घेतले असणार. मोठ्याने वाचून पाहिलं नसणार.

आणि 10 डिसेंबर 1975 ला एक्स्प्रेसमध्ये अबू अब्राहम यांचं ते चित्र आलं. राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसलेले आहेत, दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देताहेत आणि सांगताहेत की आणखी वटहुकूम असतील तर थांबायला सांगा. आमच्या गावच्या वाचनालयात तो अंक दुसऱ्या दिवशी आला. वाचनालयात एरवी पानं उलटल्याचा आवाज येतो. त्या दिवशी त्या पानाभोवती चार माणसं उभी होती आणि कुणी पान उलटत नव्हतं. कुणी हसतही नव्हतं. हसलो असतो तर वाक्याचा उरलेला अर्धा भाग उघड झाला असता.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, शाळेत नवा. भित्तिपत्रक माझ्याकडे होतं. नववीच्या वर्गात मी नुकतीच अन्योक्ती शिकवली होती, फार रंगून. त्याच आठवड्यात एका मुलाने भित्तिपत्रकाला चित्र दिलं. वर्ग भरलेला, सगळी मुलं हाताची घडी आणि तोंडावर बोट. तपासणीला आलेले साहेब दारात. आणि मास्तर हसून सांगताहेत : ‘साहेब, एकाचीही तक्रार नाही!’

मी ते सकाळी लावलं आणि मधल्या सुट्टीत काढलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं. हेडमास्तरांनी पाहिलंही नव्हतं. मांजराला बोललेलं ऐकून मी ताटली उचलली, इतकंच. मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. “सर, चित्र काढलंत?”

“ऊन लागून रंग उडेल रे,” मी म्हटलं. भिंत उत्तरेकडची होती.

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “सर, यात कुणाचं नाव आहे का?”

“नाव नाही, तेच तर वाईट आहे,” मी म्हणून गेलो. अन्योक्तीची इतकी नेमकी व्याख्या मी त्याआधी आणि त्यानंतर कधी केली नाही. त्या मुलाने पुढे शाळा सोडेपर्यंत भित्तिपत्रकाला काही दिलं नाही. स्ट्रॅचीसाहेबांनी निदान ज्युरी बसवली होती. आमचा खटला मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत आटोपला.

“मग ते चित्र फेकलंत?” नातीने विचारलं. मालिका विसरली होती.

फेकलं नव्हतं. फेकायलाही धैर्य लागतं. माळ्यावरच्या ट्रंकेतून, जुन्या पगारपत्रकांच्या खालून ते निघालं. कागद पिवळा पडलेला, पण रंग मात्र शाबूत. ऊन कधी लागलंच नव्हतं ना! नातीने ते टेबलावर पसरलं आणि प्रकल्पासाठी हेच घ्यायचं ठरवून टाकलं. पहिल्या रकान्यात ‘अन्योक्ती’ लिहिलं. दुसऱ्या रकान्याशी ती अडली : टीका कोणावर?

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, पन्नास वर्षं तयार होतं. तेवढ्यात ती चित्रावर वाकून म्हणाली, “आजोबा, या मास्तरांच्या खिशाला दोन पेनं आहेत. एक लाल, एक निळं. तुमच्यासारखी.”

मी नकळत खिशाला हात लावला. पेनं होती. इतकी वर्षं मी समजत होतो की ते चित्र दिल्लीवर आहे.

“रकाना कोरा सोड,” मी म्हटलं.

“कोरा सोडला तर बाई मार्क कापतात.”

म्हणजे तोही रस्ता बंद. आतून सौ.चा आवाज आला, “चहा झालाय. ज्यांना स्वतः उठून घेता येतो त्यांनी घ्यावा.” मी उठलो. दारापर्यंत जाऊन परत आलो आणि म्हटलं, “लिही. आजोबांवर.”