निष्ठेचा पेच कोणाला पडतो? : चिनी ऐतिहासिक युद्धपटांविषयी

'खाल्ल्या मिठाला जागणे' हा शब्दप्रयोग आपण निष्ठेची व्याख्या म्हणून सर्रास वापरतो. मीठ देणारा वर आणि जागणारा खाली, हे त्यात गृहीतच असते. देणाऱ्याने ते मीठ कोठून आणले, हे विचारण्याची सोय त्यात नाही. चिनी परंपरेत या निष्ठेला 'चुंग' म्हणतात आणि तिच्या शेजारीच 'यी', म्हणजे न्याय्य वर्तनाची चाड, ठेवलेली आहे. राजाची आज्ञा आणि न्याय एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर माणसाने काय करावे? या पेचावर तेथील कितीतरी ऐतिहासिक युद्धपट बेतलेले आहेत. परंतु हा पेच कोणाला पडलेला दाखवतात आणि कोणाला तो पडण्याचा अधिकारच नाकारतात, हा प्रश्न शोषितांच्या बाजूने इतिहास वाचणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

झांग यीमौ यांचा 'हीरो' (२००२) घ्या. इ.स.पू. २२७ मध्ये येन राज्याच्या युवराजाने पाठवलेल्या जिंग के याने छिनच्या राजावर खंजीर उगारला आणि तो फसला, ही सिमा छ्येन या इतिहासकाराने नोंदवलेली घटना या कथेच्या मुळाशी आहे. चित्रपटातल्या मारेकऱ्याला नाव नाही. तो 'अनाम' आहे. छिनच्या सैन्याने त्याचे कुटुंब मारले आहे. राजापासून दहा पावलांवर पोचूनही तो त्याचा जीव घेत नाही. कारण दुसऱ्या एका योद्ध्याने त्याला वाळूत दोन अक्षरे लिहून दाखवलेली असतात : 'तिआनशिया', आकाशाखालचे सारे. राज्याराज्यांतली कत्तल थांबवायची तर एकाच राजाने सर्व जिंकले पाहिजे, असा त्याचा अर्थ. राजा हे ऐकून हेलावतो, पण दरबाराच्या आग्रहापुढे मान तुकवून बाण सोडण्याची आज्ञा देतो. अनामाला वीराचे दफन मिळते.

येथे समजून घेण्याचा सारा भार मरणाऱ्यावर आहे. मारणाऱ्याच्या वाट्याला फक्त अश्रू. 'देश मोठा, तुझे दुःख लहान' हे शहाणपण ज्याचे घर जळले त्यालाच का शिकवले जाते? ज्याने जाळले त्याला का नाही?

याच घटनेवर चेन कैगे यांनी आधी 'द एम्परर अँड द असॅसिन' (१९९८) काढला होता. त्यात चाओ राज्याची एक स्त्री, राजाची जुनी सखी, एकीकरणाच्या स्वप्नावर विश्वास ठेवून त्याला साथ देते. पण चाओच्या मुलांची हत्या पाहिल्यावर ती त्याच्याविरुद्ध जाते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले ती राजाच्या शब्दापेक्षा खरे मानते. म्हणून हा चित्रपट अधिक प्रामाणिक वाटतो.

इ.स.पू. २२१ मध्ये छिनने सर्व राज्ये जिंकली. 'हीरो'चा शेवट या विजयाच्या गौरवाने होतो. इतिहास तेथे थांबला नाही. बाराच वर्षांनी, इ.स.पू. २०९ मध्ये, नऊशे गरीब माणसे सक्तीने सीमेवरच्या पहाऱ्यासाठी नेली जात होती. पावसाने वाट अडली. सिमा छ्येनच्या नोंदीनुसार उशिराची शिक्षा मृत्यू होती. त्या तुकडीत चेन शंग होता, दुसऱ्याच्या शेतात राबलेला मजूर. पोचलो तरी मरण आणि पळालो तरी मरण, मग बंड का करू नये, असा त्याने सरळ हिशेब मांडला. राजे आणि सेनापती काय जन्मानेच ठरतात, असा सवाल त्याने सोबत्यांना केला. जन्माच्या नावाने माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला या सवालाचे मोल वेगळे सांगायला नको. त्या बंडाची आग पसरली आणि इ.स.पू. २०६ पर्यंत छिनची सत्ता संपली.

पण पुढचेही वाचले पाहिजे. चेन शंग राजा झाला. जुने सोबती भेटायला आले. त्यांतला एक गतकाळाच्या गोष्टी मोकळेपणी बोलू लागला, तेव्हा चेन शंगने त्याला मारवले. बाकीचे निघून गेले. सहा महिन्यांत त्याच्याच सारथ्याने त्याला ठार केले. वर बसलेल्यांची निष्ठा नाकारणे ही निम्मी लढाई. ज्यांच्यातून आलो त्यांच्याशी निष्ठा राखणे ही उरलेली निम्मी, आणि ती तो हरला.

हे सारे लिहून ठेवणारा सिमा छ्येन स्वतः निष्ठेच्या पेचात भरडला गेला होता. शत्रूला शरण गेलेल्या ली लिंग या सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल सम्राटाने त्याला खच्चीकरणाची शिक्षा दिली. ग्रंथ पुरा करण्यासाठी त्याने मरणाऐवजी ती विटंबना पत्करली. त्याच ग्रंथात त्याने चेन शंगचे चरित्र सरदार घराण्यांच्या विभागात घातले. दरबारी इतिहासकाराचे हे धैर्य चित्रपटवाल्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

पीटर चान यांचा 'द वॉरलॉर्ड्‌स' (२००७) या प्रश्नाच्या बराच जवळ जातो. त्याचा काळ तैपिंग बंडाचा (१८५१–१८६४). या बंडाने काही कोटी बळी घेतले असे मानले जाते. चित्रपटातली माणसे सम्राटावरच्या प्रेमाने लढत नाहीत. भुकेलेल्या गावातले लुटारू मांचू सैन्यात जातात ते धान्यासाठी. पांग, अरहू आणि वूयांग हे तिघे रक्ताची शपथ घेऊन भाऊ होतात. सुचौच्या वेढ्यात अरहू शहराच्या सेनापतीला वचन देतो की शरण येणाऱ्यांना मारणार नाही. पांग त्यांची कत्तल करवतो. आपल्याच सैन्याला धान्य पुरत नाही, हे त्याचे कारण. १८६३ च्या डिसेंबरात सुचौमध्ये असेच घडले होते : अभय देऊन शरण आणलेल्या तैपिंग नेत्यांना ली हुंगचांग याने ठार करवले.

आता मीठ कोणाचे? धान्य शेतकऱ्याने पिकवले, सैन्याने लुटले आणि त्याच धान्याच्या घासासाठी शेतकऱ्याच्या पोराने शेतकऱ्याच्या पोरावर बाण सोडले. येथे निष्ठा आणि न्याय यांतली निवड पोटाच्या पातळीवर येते, ही या चित्रपटाची ताकद. तरीही तो शेवटी तीन भावांच्या शोकांतिकेत शिरतो. बाण सोडणाऱ्या रांगेतल्या कोणाच्याही मनात काय चालले होते, हे आपल्याला कळत नाही. त्यांनी फक्त आज्ञा पाळली, एवढेच दिसते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते आणि कृतज्ञतेलाही स्वाभिमानाची मर्यादा असते. हे माप या चित्रपटांना लावून पाहावे. शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांना जरूर दाखवावेत. त्यांतली भव्यता आणि अभिनय दाद देण्याजोगे आहेत. मात्र नंतर एक प्रश्न फळ्यावर लिहावा : या कथेत 'नाही' म्हणण्याची मुभा किती जणांना होती? कार्यकर्त्यांनी तोच प्रश्न आपापल्या संघटनेतही विचारावा. चेन शंगच्या सोबत्यांना तो विचारता आला नाही.