मागच्या दाराची काच

लढाया, किल्ले आणि तोफा यांवर बोलणारा हा म्हातारा आज मोटारीच्या मागच्या दाराच्या काचेवर बोलणार आहे. विषय बदललेला नाही. थोडं थांबा, त्यात एक किल्लाही येणार आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोर्सचं पुनर्मीलन होतं, चेन्नईजवळ कोवलमला. केरळातलं कोवलम वेगळं. हे आपलं ईस्ट कोस्ट रोडवरचं, चेन्नईच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, मच्छीमारांचं गाव. आम्ही सेंट थॉमस माउंटवर प्रशिक्षण घेतलं तेव्हा अकादमीला ओटीएस म्हणत. ओटीए हे नाव नंतरचं. सुट्टीच्या रविवारी आम्ही पोरं बसने या किनाऱ्यावर येत असू. या वेळी पुण्याहून स्वतःची गाडी चालवत गेलो. सोबत सौ. आणि सहा वर्षांची नात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या आवारातून गाडी हळूहळू बाहेर काढत होतो. कडेला एक माणूस यंत्राने गवत कापत होता. पात्याखालून एक खडा उडाला. बोराएवढा असेल. फट्ट असा आवाज झाला, आणि मागच्या डाव्या दाराची काच जागच्या जागी पांढरी होऊन खाली कोसळली. नात त्याच खिडकीला टेकून झोपली होती.

मी ब्रेक मारून मागे वळलो तेव्हा पोर काचेच्या ढिगात बसली होती. केसांत, फ्रॉकच्या खिशात, सगळीकडे काच. तिने डोळे चोळायला हात वर केला आणि मी ओरडलो, "हलू नकोस!" तिच्या आजीने एकेक कण वेचून काढला. दंडावर दोन लाल ठिपके होते, रक्ताचा थेंब नाही. नात म्हणाली, "आजोबा, गारा पडल्या?"

त्या क्षणी मला १९८६ सालचा एक ट्रक आठवला. तो पुढे सांगतो.

गावातल्या फिटरने दार बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "सार, कन्नाडी शहरातून मागवावी लागेल. तीन दिवस." तमिळमध्ये काच, आरसा आणि चष्मा या तिन्हींना कन्नाडी म्हणतात. तिथेच चहा पीत बसलेल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला: तीन दिवस कशाला थांबता? पुढच्या नाक्यावर खिडक्यांच्या काचांचं दुकान आहे. माप द्या, तासाभरात कापून देतो, पैसेही चौथाई. फिटर काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, तीन दिवस थांबू.

का थांबलो, हे सांगायला साडेतीनशे वर्षं मागे जावं लागेल.

इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध झालं, त्यात राजाच्या घोडदळाचा सेनापती होता प्रिन्स रूपर्ट. लढाई हरल्यावर हा गडी प्रयोगशाळेत रमला. १६६०च्या सुमारास त्याने दुसऱ्या चार्ल्स राजाला काचेचे काही थेंब आणून दाखवले. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याला बेडकाच्या पिल्लासारखी शेपूट येते. त्याच्या डोक्यावर हातोडा मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक चिमटीने मोडा, की अख्खा थेंब भुगा होऊन हातात येतो. लंडनच्या रॉयल सोसायटीतले विद्वान यावर डोकं खाजवत बसले.

आपल्याकडे हेच कोडं घरोघरी होतं, फक्त उलट बाजूने. माझ्या पिढीने कंदिलाखाली अभ्यास केला आहे. पावसाळ्यात पन्हळीचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला की टण्ण! काच तडकली आणि आईच्या शिव्या सुरू. थेंब पडला तेवढीच जागा एकदम आकसते, बाजूची काच तापून फुगलेली असते, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. काच दाब सहन करते, ताण सहन करत नाही.

मोटारीच्या बाजूच्या काचेत हीच ओढाताण मुद्दाम भरलेली असते, पण हिशेबाने. काच सहाशे अंशांच्या वर मऊ होईपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गार हवेचे झोत मारतात. बाहेरची कातडी आधी घट्ट होते. आतला गाभा मागाहून निवतो, आकसायला बघतो आणि कातडीला आत खेचून धरतो. कातडी कायमची दाबाखाली राहते. वरून आघात झाला तरी तडा उघडायला जागाच मिळत नाही, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत. पण एकदा का टोकदार वस्तू कातडी भेदून गाभ्यापर्यंत पोचली, की साठवलेला सगळा ताण एका क्षणात सुटतो. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो. म्हणूनच माझी काच जागच्या जागी पांढरी झाली. तिचे सुरे होत नाहीत, खडीसाखरेसारखे बोथट दाणे होतात.

ही युक्ती व्यवहारात आणायला दोनशे वर्षं लागली. फ्रान्सच्या द ला बास्ती याने १८७४ मध्ये तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. त्याच्या वस्तू कधी कधी कुणी हात न लावता आपोआप फुटत, त्यामुळे गिऱ्हाईक धास्तावलं. पुढच्या काचेचा मार्ग वेगळा निघाला. एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ मध्ये काचेची कुपी पडली, तडकली, पण विखुरली नाही. आत वाळलेल्या द्रावणाचा पापुद्रा होता, अशी गोष्ट सांगतात. त्याने १९०९ मध्ये दोन काचांमध्ये पडदा चिकटवण्याचं पेटंट घेतलं. तिला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते युद्धात, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी. सैन्याच्या गरजेतून निघालेल्या वस्तूंची यादी लांब आहे. मी त्यात अभिमान वगैरे मानत नाही, पण नोंद असावी.

आता आपल्या बाजूला येऊ. कोवलमच्या वाळूत बसून नकाशा उघडला तेव्हा लक्षात आलं की ज्या महामार्गाने मी आलो, त्या ४८ नंबरच्या रस्त्यावर भारतातल्या काचेचा निम्मा इतिहास ओवलेला आहे, आणि मी सगळा मागे टाकून आलो होतो.

पुण्याच्या अलीकडे, मुंबईकडच्या अंगाला, तळेगाव दाभाडे. अंताजी दामोदर काळे नावाच्या शिक्षकाच्या डोक्यात कल्पना आली की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा दिला तर देशी उद्योग उभा राहील. लोकांनी हसून घेतलं. काळे गावोगाव डबा घेऊन फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये पैसाफंडातून तळेगावला काच कारखाना सुरू झाला. त्याचे प्रमुख होते उत्तरेकडचे ईश्वरदास वार्ष्णेय, जपान आणि अमेरिकेत काच शिकून आलेले. गाव मराठी, पैसा रयतेचा, उस्ताद हिंदीभाषक. तिथे शिकलेली पोरं देशभरच्या भट्ट्यांवर गेली. माझ्या मते कारखान्याची खरी कमाई तीच.

पुढे कऱ्हाड. तिथून जवळ ओगलेवाडी. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील मराठी घराच्या खुंटीला लागला. मघाशी ज्याची काच टण्णकन तडकवली, तो हाच. माझ्या वडिलांची मोडी अक्षरातली रोजकीर्द या कंदिलाच्या उजेडात लिहिलेली आहे.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बाटल्या, चिमण्या, बरण्या यांत आपण पुढे गेलो. मोठ्या सपाट काचेत मागे राहिलो. सपाट काच ही वेगळी विद्या आहे. ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथलावर काच तरंगवून आरशासारखी सपाट करण्याची रीत जाहीर केली, आणि जगभर तीच रूढ झाली. आपल्याकडे ती १९९०च्या दशकात आली, जपानी भागीदारीत, पनवेलजवळ तळोज्याला. मोटारींच्या सुरक्षा काचांचा मोठा कारखाना त्याआधी मारुतीच्या मागोमाग हरियाणात उभा राहिला होता, तोही जपान्यांच्या भागीदारीत. पैसा-पैसा जमवून भट्टी पेटवणाऱ्या तळेगावपासून तळोजा काही फार लांब नाही. तेवढं अंतर कापायला आपल्याला ऐंशीच्या वर वर्षं लागली. मला हे बोचतं.

आणि रस्त्याच्या या टोकाला, चेन्नईत शिरण्याआधी, श्रीपेरुंबुदूर. तिथे २००० साली सेंट गोबेन या फ्रेंच कंपनीने काचेची भट्टी सुरू केली. ही कंपनी १६६५ची, चौदाव्या लुईच्या राजवटीतली, व्हर्सायच्या आरसेमहालाचे आरसे घडवणारी.

आता तो किल्ला. कोवलमला इंग्रज कोव्हलाँग म्हणत. अर्काटच्या नबाबाने इथे किल्ला बांधला. फ्रेंचांनी तो १७५० मध्ये युक्तीने घेतला, आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह हाताशी नवशिक्या रंगरुटांची पलटण घेऊन चालून आला. पहिल्याच गोळीला एक जण पडताच बाकीचे पळाले. तोफेच्या आवाजाने एक पहारेकरी इतका घाबरला की काही तासांनी तो विहिरीच्या तळाशी सापडला, असं मेकॉलेने लिहून ठेवलं आहे. ओटीएसमध्ये आमच्या उस्तादाला ही गोष्ट फार आवडत असे. तरी क्लाइव्हने किल्ला घेतलाच. फ्रेंच त्या वेळी गेले, आणि अडीचशे वर्षांनी पन्नास-साठ किलोमीटरवर काच घेऊन परत आले.

आता १९८६. मी सेना सेवा कोरमध्ये कॅप्टन होतो, सिलिगुडीच्या पुढे रसद पोचवायचं काम. आमच्या गाड्या कमी पडत, तेव्हा खासगी ट्रक भाड्याने घेत. ताफा निघण्याआधी तपासणी माझी. टायर, ब्रेक, दिवे, हॉर्न, काचा. एका ट्रकच्या क्लीनरकडच्या खिडकीला नवी काच होती. मी बोटाने टकटक केलं, काच आहे, खूण केली, सही केली. घाटात समोरच्या गाडीला वाट देताना ट्रक डोंगराला घासला. वेग मुद्दाम सांगण्यासारखाही नव्हता. ती काच खिडकीची साधी काच होती, दुकानातून मापाने कापलेली. तिचे दोन लांब सुरे झाले. क्लीनर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, त्याचं मनगट आतल्या बाजूने उघडलं. आमच्या नर्सिंग असिस्टंटने रक्त थांबवलं, पोरगा जगला. दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत. चौकशीत माझं नाव कुठेच आलं नाही, कारण काचेचा प्रकार तपासायचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

कडक केलेली काच कापता येत नाही, हे मला त्यानंतर कळलं. आधी आकार कापायचा, कडा घासायच्या, भोकं पाडायची आणि शेवटी भट्टीत घालायची. नंतर तिला हिरकणी लावली तर तिचा भुगा होतो. म्हणजे तुमच्या समोर जो कोणी काच कापून देतो, तो साधी काच देतो आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १००वा नियम सुरक्षा काच सक्तीची करतो. पुढची काच पडद्याची हवी, आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, ती याच नियमाच्या आधारे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असतो: आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा आकडा, कारखान्याचं नाव. जुनी काच घ्यायची असेल, चेन्नईच्या पुदुपेट्टैसारख्या बाजारात मोडीत काढलेल्या गाड्यांच्या अस्सल काचा मिळतात, तरी आधी हा शिक्का बघा.

चौथ्या दिवशी सकाळी काच आली. फिटरने आतलं डोअर पॅड काढलं, क्लिपा एका वाटीत जमा केल्या, मागचा प्लॅस्टिकचा कागद न फाडता सोलला. दाराच्या पोटात ओंजळभर दाणे होते. त्याने व्हॅक्युम लावला, मग तारेने दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी केली. म्हणाला, "सार, लोक हे करत नाहीत. दाणे भोकात अडकतात, पाणी साठतं, आणि इथली खारी हवा दार वर्षात खाते." रबराच्या खाचेतलेही कण त्याने बोटाने चाचपून काढले, एक राहिला तरी नव्या काचेवर ओरखडे उठतात. मग काच वरून तिरकी आत सोडली, रेग्युलेटरला बोल्ट हलकेच बसवले, काच दोनदा वरखाली केली आणि मगच आवळले. तासाभराचं काम.

मी वाकून कोपऱ्यातला शिक्का वाचला. चष्मा लावून पुन्हा वाचला. फिटर हसला, त्याला वाटलं म्हातारा संशयी आहे.

परतताना कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा दार लावताना आत काहीतरी खुळखुळलं. नातीने कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, एक गार अजून आत आहे."