खुब्याच्या हाडातली क्रेन

मांडीचे हाड खुब्यापाशी उभे कापून पाहिले, तर आत भरीव हाड नसते. बारीक हाडकाड्यांची जाळी असते, आणि तिची वीण विलक्षण शिस्तीची. काही काड्या सांध्याच्या गोळ्यातून आतल्या बाजूने खाली उतरतात, काही कमानीसारख्या बाहेरच्या अंगाला वळतात. दोन्ही एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदतात.

झुरिकचे शरीररचनातज्ज्ञ हेर्मान मायर यांनी ही जाळी रेखाटली. ती पाहिली कार्ल कुलमान यांनी. पुलांचे आणि क्रेनचे गणित आकडेमोडीऐवजी रेषा आखून सोडवणारे हे प्राध्यापक. ओझे पेलणाऱ्या क्रेनच्या वाकड्या दांड्यात दाब आणि ताण कुठून कुठे वाहतात, त्याच्याच रेषा त्यांना हाडात दिसल्या. मायर यांचा लेख १८६७ मध्ये छापून आला. दोन शास्त्रांची अशी गाठ पडणे हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे भाग्य वाटते.

बर्लिनचे शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी यावरून नियमच मांडला: हाडावरचा भार बदलला की त्याची रचनाही बदलते. त्यांचा ग्रंथ १८९२ चा. पण हाडाला भार कळतो कसा? याचे उत्तर वोल्फ यांच्या ग्रंथाआधीच, १८८१ मध्ये, विल्हेल्म रू यांनी दिले होते. त्यांनी म्हटले होते की वरून कोणी आराखडा देत नाही. पेशी आपापल्या जागच्या भाराला प्रतिसाद देतात आणि त्यातून रचना आपोआप घडते.

पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी सांगितले की ताण एका पातळीखाली गेला की हाड झिजते, दुसऱ्या पातळीवर गेला की भर पडते. मग संगणक आला. नेदरलँड्समध्ये रिक हाउस्केस आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या मॉडेलमध्ये हाडात रुतलेल्या पेशी भार ओळखतात, जवळच्या पेशींना हाड बांधायचा इशारा देतात. हाड खाणाऱ्या पेशी मात्र कुठेही कुरतडतात. एवढ्यावरच पडद्यावर जाळी उभी राहते. भाराची दिशा फिरवली, की काड्याही फिरतात.

याचा उपयोग रुग्णाला होतो. कृत्रिम खुब्याचा धातूचा दांडा भार स्वतःवर घेतो, म्हणून भोवतालचे हाड विरळ होते. किती आणि कुठे, याचा अंदाज अशा मॉडेलने आधीच बांधता येतो.

नियमाला नाव वोल्फ यांचे पडले. पण आजच्या मॉडेलांचे कूळ शोधायचे, तर मूळपुरुषाचा मान रू यांनाच द्यायला हवा.