इंदुमतीपुढचा समुद्रकिनारा आणि वाशीमचा ताम्रपट

क्रीटसारख्या ग्रीक बेटावर सुट्टी घालवण्याचा बेत आखणाऱ्याला दोन गोष्टी एकत्र हव्या असतात : खिडकीतून दिसणारा समुद्र आणि मागच्या डोंगरउतारावरचे ऑलिव्ह-द्राक्षांचे मळे. ही हौस आपण अगदी आधुनिक मानतो. पण कालिदासाने सुमारे १६०० वर्षांपूर्वी विदर्भाच्या एका राजकन्येपुढे असेच बेत मांडले होते. आजचा धागा त्या बेतांवर, आणि अशा प्रवासाचा भार कोण वाहत असे यावर.

‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात विदर्भराज भोजाची बहीण इंदुमती हिचे स्वयंवर आहे. प्रतिहारी सुनंदा तिला एकेका राजापुढे नेते आणि त्याच्या पराक्रमासोबत त्याच्या प्रदेशातील विहाराची स्थळेही सांगते. अवंतीच्या राजाकडे क्षिप्रेच्या वाऱ्याने हलणारी उद्याने आहेत. शूरसेनाच्या राजाकडे वृंदावन आहे, आणि पावसाळ्यात गोवर्धनाच्या गुहांतून मोरांचे नृत्य पाहण्याची सोय.

कलिंगाच्या राजाची पाळी येते तेव्हा समुद्र येतो. त्याच्या प्रासादाच्या गवाक्षांतून लाटा दिसतात. पहाटे त्याला जागे करतो तो सागराचा घोष. ताडवनांची सळसळ असलेल्या किनाऱ्यावर याच्यासह विहार कर, दूरच्या द्वीपांवरून लवंगफुले आणणारा वारा तुझा घाम टिपील, असे सुनंदा सुचवते. पुढे पांड्य राजाच्या वाट्याला मलयगिरीची चंदनवने आणि पोफळींना बिलगलेले नागवेल येतात. (आजच्या पर्यटन-पत्रिकेला यात फार भर घालता येईल असे वाटत नाही.) इंदुमती हे सारे नाकारून अयोध्येच्या अजाला वरते.

तो अज विदर्भात आला कसा? हा तपशील पाचव्या सर्गात आहे आणि तो सहसा वाचनातून निसटतो. वाटेत त्याच्यासाठी राजेशाही तंबू उभारले होते, ग्रामीण जनांनी भेटी आणल्या होत्या; त्यामुळे त्याचे मुक्काम उद्यानविहारासारखे झाले, असे कवी म्हणतो. अज काव्यातला राजपुत्र आहे, हे खरे. पण राजपरिवार गावात उतरला की गावाने काय पुरवायचे, हे वाचकांना ठाऊक होते म्हणूनच हे वर्णन त्यांना सहज वाटले असणार.

त्या ‘भेटीं’ची दुसरी बाजू पाहायला वाशीमला यावे लागते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे १९३९ साली सापडलेला ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ३७ व्या राज्यवर्षातला, म्हणजे इसवीच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. नांदीकट, म्हणजे आजचे नांदेड, याच्या उत्तर मार्गावरील एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले. त्या गावाला कशातून सूट, याची लांबलचक यादी ताम्रपटात कोरली आहे : सैनिकांनी गावात शिरू नये, फुले व दूध घेऊ नये, गाई-बैल मागू नयेत, चामडे, कोळसा आणि खाटा मागू नयेत.

जे घेतलेच जात नाही त्यातून कोणी सूट देत नाही. म्हणजे सूट नसलेल्या शेजारच्या गावांत राजपुरुषांचा तळ पडला की बसायला चामडे, निजायला खाट, शेकोटीला कोळसा आणि प्यायला दूध त्या गावांच्याच घरांतून निघत असे. कालिदासाच्या ओळीतली ‘भेट’ ती हीच, असे माझे मत आहे.

ताम्रपटातील राजाची वंशावळ संस्कृतात आहे. दानाचा तपशील आणि सवलतींची यादी मात्र प्राकृतात. यादी गावात वाचून दाखवायची होती, तेव्हा भाषेची ही निवड व्यवहाराची वाटते. तरीही सूट लिहून दिली ती दान घेणाऱ्यांच्या नावाने. दूध काढणाऱ्याचे नाव ताम्रपटात नाही.