मुंगी-शेवगावचा तह आणि रियासतकार सरदेसाई

अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात, पैठणाच्या जवळ, गोदावरीच्या काठी मुंगी नावाचे गाव आहे. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत या दोन गावांची नावे नेहमी जोडीने येतात : मुंगी-शेवगावचा तह, ता. ६ मार्च १७२८. विद्यार्थी ही ओळ परीक्षेपुरती पाठ करतात व पुढे विसरतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. कारण त्या ओळीमागे कागदांचा केवढा डोंगर आहे आणि तो उपसण्यात एका गृहस्थाचे आयुष्य कसे खर्ची पडले, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मूळ प्रकरण असे. दक्षिणच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीचा शाहू महाराजांचा हक्क दिल्लीच्या बादशहाने १७१९ साली मान्य केला होता. निजामुल्मुल्काने तो मोडून काढावयाचे ठरविले. पण उघड नकार न देता त्याने निराळीच वाट धरली. सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांपैकी खरा छत्रपती कोण, याचा निवाडा आधी व्हावा आणि मगच पैसा द्यावा, असा पवित्रा त्याने १७२७ साली घेतला. घरच्या भांडणात परक्याला पंच होण्याची संधी मिळाली की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बाजीराव पेशव्याचे वय त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. निजामाने पुणे घेतले, तरी तो पुण्याच्या बचावास धावला नाही. खानदेश व गुजरात या बाजूंनी फिरून तो औरंगाबादच्या रोखाने उतरला. आपलाच मुलूख धोक्यात आलेला पाहून निजामास मागे वळणे भाग पडले. त्वरा करण्यासाठी जड तोफा मागे ठेवून तो निघाला आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेड येथे कोंडला गेला. दाणावैरण बंद, पाणी बंद. मोठे रणकंदन न होताच त्यास बोलणी करावी लागली. त्यानंतर गोदाकाठी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. शाहू महाराज हेच छत्रपती, त्यांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य, हाकलून दिलेले अंमलदार पुन्हा कामावर, तुंबलेली बाकी चुकती, आणि संभाजी महाराजांची पाठराखण बंद, असा त्याचा मथितार्थ होता.

ही हकीकत आज सरळ वाटते. परंतु बाजीरावाच्या मनात काय होते, निजामाचा डाव कोणता होता, सातारच्या दरबारात कोण कोणत्या बाजूस झुकत होते, हे केवळ बखरींवरून कळण्यासारखे नव्हते. ते ज्यांच्या श्रमाने कळू लागले, त्यांत गोविंद सखाराम सरदेसाई यांचे स्थान फार वरचे आहे.

सरदेसाई यांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. पदवी घेतल्यावर १८८९ साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत शिरले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे, हे त्यांचे काम. मॅकिआव्हेलीचा राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथ आणि इंग्लंडच्या राज्यविस्तारावरील सीलीचा ग्रंथ त्यांनी त्याच काळात मराठीत आणले. एक ग्रंथ राज्य राखण्याच्या युक्तीचा, तर दुसरा समुद्रापलीकडे राज्य वाढविण्याच्या कारणांचा. परराज्यांशी असलेल्या संबंधांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अशी प्रथमपासून घडत गेली. राजपुत्रांसाठी केलेल्या टिपणांतूनच पुढे ‘रियासत’ ग्रंथमाला वाढली आणि महाराष्ट्र त्यांना रियासतकार म्हणू लागला.

१९२५ साली निवृत्त होऊन ते पुण्याजवळ कामशेत येथे राहिले. दोन्ही पुत्रांचा वियोग त्यांना आपल्या हयातीत सोसावा लागला. परंतु खरे मोठे काम यानंतरचे आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर मुंबई सरकारने अभ्यासासाठी खुले करण्याचे ठरविले, तेव्हा थोर बंगाली इतिहासकार यदुनाथ सरकार यांच्या शिफारशीने ते काम सरदेसायांकडे आले. मोडी कागदांचे हजारो रुमाल सोडून, सहकाऱ्यांसह निवड करून, त्यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पंचेचाळीस खंड छापून काढले. बाजीराव व निजाम यांच्या आरंभीच्या झगड्यास त्यांत स्वतंत्र खंड मिळाला. पालखेडच्या मोहिमेचे धागेदोरे आता प्रत्यक्ष पत्रांतून जुळविता येऊ लागले.

परंतु आपल्याच घरची पत्रे वाचून शेजाऱ्याचे मन कळत नाही. म्हणून यदुनाथांचे फारसीचे ज्ञान आणि सरदेसायांचे मोडीचे ज्ञान यांची जोड अत्यंत मोलाची ठरली. पुढे दोघांनी पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार छापण्याचे काम अंगावर घेतले. मॅलेट व पामर या वकिलांच्या पत्रांचे खंड सरदेसायांनी संपादिले. मॅलेट १७८६ साली पुण्यास येऊन राहिला. दरबारात कोण कोणाशी बोलला, कोणाचे कोणाशी बिनसले, खजिन्याची अवस्था काय, हे सर्व तो वरिष्ठांस कळवीत असे.

हे खंड पेशवे दफ्तराशेजारी ठेवून वाचले म्हणजे मन खिन्न होते. दिल्ली व हैदराबाद येथील मराठ्यांचे वकील बारीकसारीक बातमी लिहीत. निजामाची नाडी पुणे दरबारास अचूक कळे. म्हणूनच १७३१ साली डभईच्या प्रसंगी आणि १७३८ साली भोपाळास निजामाचे बेत पुन्हा फसले, आणि १७९५ साली याच जिल्ह्यातील खर्डा येथे त्याच्या वारसाचाही पराभव झाला. पण इंग्रज मराठ्यांना जितके ओळखीत होते, तितके मराठे इंग्रजांना ओळखीत नव्हते. खर्ड्यानंतर तीनच वर्षांनी निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला, १८०२ च्या अखेरीस वसईस पेशव्यानेही तोच मार्ग धरला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला वेलस्लीच्या हाती पडला. घरच्या कलहात परक्यास पंच करू न देण्यासाठी ज्या भूमीवर तह झाला, त्याच भूमीने पाऊणशे वर्षांनी हे पाहिले.

सरदेसायांवर टीका पुष्कळ झाली. रियासतीत आधार पुरेसे दिलेले नाहीत, दफ्तराची निवड घाईने झाली, असे आक्षेप पुण्यातील काही संशोधकांनी घेतले. त्यांतील काही रास्तही होते. सरदेसायांनी उत्तर दिले ते कामाने. नवे कागद हाती येताच त्यांनी जुने भाग पुन्हा लिहून काढले आणि वयाच्या ऐंशीच्या पुढे, १९४६ ते १९४८ या काळात, मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. १९५७ साली त्यांना पद्मभूषण ही पदवी मिळाली. १९५९ साली ते निवर्तले.

स्वतःची चूक दिसताच ती दुरुस्त करणे हा इतिहासकाराचा धर्म, आणि शेजाऱ्यास त्याच्याच कागदांतून ओळखणे हा राज्यकर्त्याचा. या दोहोंचे नाते सरदेसायांच्या आयुष्यक्रमात स्पष्ट दिसते. गोदावरीच्या काठी तहाच्या जागी जे कमावले, ते तलवारीइतकेच माहितीच्या बळावर कमावले होते. आणि ती माहिती जेथे आटली, तेथे तलवारही थांबली. मुंगी-शेवगावची ती एक ओळ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास एवढे जरी कोणी समजावून सांगितले, तरी ती ओळ परीक्षेनंतरही त्याच्या स्मरणात राहील.