मुसल्लस, त्रिकोण आणि ट्रायँगल

गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेत एक बैठक झाली. विषयपत्रिकेवर विषय एकाच ओळीचा होता : आठवीची पूर्ण मराठी तुकडी पुढे चालू ठेवावी किंवा कसे. लातूरसारख्या गावात असा विषय निघावा यात नवल नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आमच्याकडे भरून वाहतात. त्रिकोणाला त्रिकोण म्हणणारी तुकडी मात्र एकच उरली आहे आणि तिच्यात मुले आहेत चोवीस. बैठक दोन तास चालली, चहा दोनदा झाला, आणि निर्णय दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावा असे ठरून सर्वजण उठले. म्हणजे वाचकहो, आपण हातात चकली घेऊन हे पान वाचत असाल, तेव्हा आमचा निकाल अजून लागायचाच असेल.

मीही त्या बैठकीत होतो. बोललो मात्र काहीच नाही. दोन्ही बाजू मला पटत होत्या, आणि शिक्षकाची याहून अवघड अवस्था नसते.

पुढे दसऱ्याआधी घर झाडायला काढले, तेव्हा माळ्यावरून आजोबांची लोखंडी पेटी खाली आली. आजोबाही शिक्षकच. पेटीत धोतर, पंचांगे, खताच्या पावत्या आणि तळाशी एक वही. वही उजवीकडून उघडत होती. आत सुबक आकृत्या होत्या, एखाद्या आकृतीखाली मोडीत एखादा शब्द होता, बाकी सारे उर्दू. आमच्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि भराभर वाचू लागले. नुक्ता म्हणजे बिंदू, खत म्हणजे रेषा, जाविया म्हणजे कोन, मुसल्लस म्हणजे त्रिकोण. एका आकृतीपाशी थांबून म्हणाले, "आणि सर, हा मुरब्बा."

"आवळ्याचा?"

"हा खायचा नाही, मोजायचा! मुरब्बा म्हणजे चौरस."

आम्ही दोघेही हसलो. पण परत येताना वाटले, घरी मराठी बोलणाऱ्या, कीर्तन ऐकत वाढलेल्या एका मुलाने आपली सगळी भूमिती या शब्दांतून का शिकावी? त्या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या इतिहासात आहे, आणि ते वाटते तितके सरळ नाही.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि उस्मानाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९१७ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी अकबर हैदरींच्या निवेदनावरून एका नव्या विद्यापीठाला मंजुरी दिली. १९१९ च्या ऑगस्टमध्ये उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. त्या काळी मुंबई, मद्रास, कलकत्ता, सगळीकडे पदवीचे शिक्षण इंग्रजीतून. पुण्यात कर्व्यांनी १९१६ साली काढलेले महिला विद्यापीठ मातृभाषेतून शिकवत होते, पण तो एका निःस्वार्थी माणसाचा, वर्गणीवर चाललेला प्रयत्न होता. राजसत्तेने आपले सारे बळ एका देशी भाषेच्या पाठीशी उभे करून तीतून पदवीपर्यंतचे शिक्षण द्यावे, हे उस्मानियातच घडले. इंग्रजी हा विषय तेथे सक्तीचा होता. पण इतिहास, रसायन, कायदा, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीदेखील, हे सारे उर्दूतून.

हे शक्य व्हावे म्हणून आधी भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडले गेले, त्याचे नाव दारुल तर्जुमा. त्याची धुरा प्रारंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हेच गृहस्थ पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखले गेले, आणि त्यांची बरीच वर्षे आपल्या औरंगाबादेत गेली. या खात्यात विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत, एकेका शास्त्रीय शब्दाला प्रतिशब्द घडवत, आणि मग पुस्तकांचे भाषांतर होई. अशी शेकडो पुस्तके तयार झाली. आजोबांच्या वहीतला मुसल्लस जुन्या अरबी गणितातून आलेला होता. पण त्याच्या पुढच्या शास्त्रांसाठी अनेक शब्द त्या खात्यात नव्याने बसवले गेले. रवींद्रनाथांनी या प्रयोगाचे मनापासून स्वागत केले होते. आपल्याच भाषेत उच्च ज्ञान देता येते, हे येथे करून दाखवले गेले. हे श्रेय निजामाच्या राजवटीला न देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु "आपल्याच भाषेत" म्हणजे कोणाच्या? संस्थानात सर्वांत मोठी संख्या तेलुगू बोलणाऱ्यांची, त्यामागून मराठी, मग कानडी. घरात उर्दू बोलणारे दर दहांत साधारण एक. बाकीच्यांना उर्दू ही परकी नसली तरी मातृभाषाही नव्हती. पहिल्या काही इयत्ता मराठीत झाल्या, की पुढे माध्यमिक शाळेत पोर एकदम मुसल्लसात जाऊन पडायचे. हुशार पोर तरून जाई, बाकीची गळत. जे औषध इंग्रजीच्या दुखण्यावर काढले, तेच नऊ जणांसाठी नवे दुखणे ठरले.

यावर मराठी माणसाने जमेल तसा उपाय केला. हैदराबादेत विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय, औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन उभे राहिले. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हे गाव आहे. या शाळेवर १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता शाळामास्तर होता, हे आपण विसरतो. मातृभाषेतून शिक्षण ही महाराष्ट्र परिषदेची एक मागणी होती, आणि या परिषदेचे दुसरे अधिवेशन १९३८ साली आमच्या लातुरातच भरले होते. त्याच वर्षी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानियाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना जवळ केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. मग प्रश्न आला, या उर्दू शिक्षणाचे करायचे काय? शाळांपुरते उत्तर सोपे आणि न्याय्य होते. मराठी मुलखात मराठी आली. ज्यांनी मुसल्लस शिकला, त्यांनाच आता त्रिकोण शिकवायचा होता. आजोबांच्या वहीत आकृत्यांखाली मोडीतले जे शब्द आहेत, ते बहुधा त्याच दिवसांतले असावेत. रात्री कंदिलाशी बसून त्यांनी एकेक शब्द मराठीत आणला असेल, आणि सकाळी तो वर्गात म्हटला असेल.

विद्यापीठाचे उत्तर मात्र निराळे निघाले. उर्दू गेली, ती जायलाच हवी होती असे मराठी, तेलुगू, कानडी माणसांना वाटणे स्वाभाविक होते. पण तिच्या जागी मराठी, तेलुगू, कानडी आल्या नाहीत. आली ती इंग्रजी. तीस वर्षे खपून उभारलेली भाषांतराची घडी मोडली, आणि तीच घडी आणखी तीन भाषांसाठी घालता आली असती हा विचार मागे पडला. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले, लातुरात १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आले. शिक्षण गावाजवळ आले, ही मोठीच गोष्ट झाली. १९६० नंतर महाराष्ट्र सरकारने भाषा संचालनालय काढले, परिभाषा कोश तयार करवले, विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे सोपवले. शब्द तयार झाले, पण विज्ञानाच्या महाविद्यालयात त्यांना बसायला बाक मिळाला नाही. घडवलेला शब्द वर्गात बोलला गेला नाही तर तो कोशातच राहतो.

आज 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्याची ख्याती आहे, त्याच्यासाठी परगावची मुले खोल्या घेऊन येथे राहतात. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मराठीतूनही देता येते आणि उर्दूतूनही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. दार उघडे आहे. पण अकरावीचा वर्ग इंग्रजीत, शिकवणी इंग्रजीत, पुढची पुस्तके इंग्रजीत. मग त्या दारातून आपलेच पोर आधी पाठवायला कोण आई-बाप तयार होतील? बैठकीत एक पालक म्हणाले, "सर, तुमचं पटतंय, पण माझ्या पोरीवर प्रयोग नका करू." त्यांना काय उत्तर द्यावे हे मला तेव्हा सुचले नव्हते.

चाचांना मी हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या शाळेतही हेच चाललंय, सर. तिथं मुसल्लस जातोय." एकेकाळी ज्या भाषेने आमचा त्रिकोण अडवला होता, तिचा मुसल्लस आणि आमचा त्रिकोण आता एकाच रांगेत उभे आहेत.

दिवाळीनंतरच्या बैठकीत मी बोलणार आहे. ती तुकडी ठेवावी असे सांगणार आहे, पण आज आहे तशी नव्हे. चोवीस मुलांना मराठीत शिकवून अकरावीच्या दारात एकटे सोडणे म्हणजे जुन्या संस्थानाने आजोबांच्या पिढीला जे केले तेच करणे होय. प्रत्येक धड्यात त्रिकोणाशेजारी ट्रायँगल लिहिला पाहिजे, नववी-दहावीत इंग्रजी पारिभाषिक शब्दांचा वेगळा तास ठेवला पाहिजे, आणि तो तास घेण्याची जबाबदारी कोणीतरी अंगावर घेतली पाहिजे. मी घेईन म्हणतो. एवढे करण्याची आमची तयारी नसेल, तर मात्र तुकडी बंद करणेच प्रामाणिकपणाचे.

वही मी परत पेटीत ठेवली नाही. शाळेच्या दप्तरात ठेवली आहे. त्रिकोणाच्या पानावर मुसल्लस आहे, त्याखाली आजोबांनी मोडीत लिहिलेला त्रिकोण आहे, आणि त्याखाली अजून एका शब्दापुरती जागा आहे.